ताईंच्या बिलातली कपात

अनसूयाताईंच्या पित्ताशयात खडे निघाले आणि ऑपरेशन ठरलं, तेव्हा दवाखान्यात सोबत राहायला त्यांचा धाकटा भाऊ श्रीकांत स्वतःहून पुढे झाला. ताई शाळेतून निवृत्त झालेल्या, यजमान जाऊन बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. उज्जैनच्या नानाखेड्यात पहिल्या मजल्यावर एकट्या राहायच्या. श्रीकांतचं घर दोन गल्ल्या सोडून. तोही विजेच्या ऑफिसातून रिटायर झालेला. तिथं त्याची सगळी नोकरी लोकांची बिलं तपासण्यात गेली होती.

दवाखान्यात दोन खाटांची खोली मिळाली. शेजारच्या खाटेवरच्या बाईंकडे शाजापूरहून पाहुण्यांची रीघ लागलेली, आणि सोबतच्या माणसाला झोपायला एक अरुंद बाक. एका रात्रीतच श्रीकांतची कंबर धरली. सकाळी ताईंना तपासण्यांसाठी खाली नेलं, तेवढ्यात तो विम्याच्या काउंटरवर गेला आणि स्वतंत्र खोली मागितली.

काउंटरवरच्या निहारिकानं ताईंचे कागद पाहिले. "अंकल, इनकी पॉलिसी में रूम चार हज़ार तक का है. ये वाला आठ हज़ार का है. फिर सिर्फ़ रूम का फ़र्क नहीं लगता, ऑपरेशन, डॉक्टर, सब उसी हिसाब से आधा पास होगा."

"बेटा, तीस साल बिल ही देखे हैं मैंने," श्रीकांत म्हणाला आणि दाखवलेल्या जागी सही करून मोकळा झाला. रोजचे चार हजार जास्तीचे, तीन-चार दिवसांचा प्रश्न, आपण खिशातून भरून टाकू, ताईला कळूही द्यायचं नाही, असा त्याचा विचार. सगळंच निम्मं पास होईल, हे पुढचं वाक्य त्यानं ऐकलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं.

ताईंनी विचारलं, "अरे, ही मोठी खोली कशाला?"

"दवाखान्यानंच दिली, ताई. तिकडे जागा नव्हती म्हणे."

ऑपरेशन नीट पार पडलं. खोलीत सोफा होता, टीव्ही होता, श्रीकांतला छान झोप लागली. घरी जायच्या दिवशी मात्र विमा कंपनीचा कागद आला. औषधांचे पैसे पूर्ण मंजूर, पण ऑपरेशन, डॉक्टर, नर्सिंग, सगळ्याचे निम्मे. ताईंनी भरायची रक्कम सत्तर हजार. कारण एका ओळीत छापलं होतं, खोली मर्यादेपेक्षा महाग म्हणून त्या प्रमाणात कपात. श्रीकांतनं ती ओळ दोनदा वाचली आणि कागदाची घडी घातली.

"काय लिहिलंय रे? असं कसं आधं दिलं?" ताई खाटेवरून विचारत होत्या.

तेव्हा सांगता आलं असतं. पण त्याच्या तोंडून निघालं, "या कंपन्या अशाच असतात, ताई. यज्ञेश्वरनं तुला नीट सांगितलं नसेल."

यज्ञेश्वर विम्याचा एजंट. चाळिशीचा, ताईंचाच विद्यार्थी. उज्जैनमधल्या निम्म्या मराठी घरांच्या पॉलिसी त्याच्याकडे. ताईंनी बँकेतली ठेव मोडली, घरी आल्या आणि त्याला बोलावून घेतलं.

तो आला, समोर बसला. "बाई, खोलीचं मी सांगितलं होतं, चार हजारांच्या वर जायचं नाही."

"खोली दवाखान्यानं दिली! त्यात माझी काय चूक? माझ्या वर्गात बसलेला तू, मलाच टोपी घातलीस?"

यज्ञेश्वरचा चेहरा उतरला. तरी शांतपणे म्हणाला, "दवाखान्यानं स्वतःहून दिली असेल तर तसं पत्र मिळेल. कंपनीकडे परत अर्ज करता येतो. मी उद्याच जातो."

श्रीकांत बाजूच्या खुर्चीत बसून होता. त्याच्या हातातला चहा थंड झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानंच दवाखाना गाठला. असं काही पत्र मिळतंय का, या वेड्या आशेनं. निहारिकानं फाईल उघडून कागद त्याच्यापुढे सरकवला. "अंकल, साइन तो आपने ही किया था. सुबह एक सर आए थे यही लेटर लेने. उनको भी दिखाया."

म्हणजे यज्ञेश्वरला कळलं होतं. श्रीकांत घरी येऊन वाट बघत बसला, आता फोन वाजेल, मग वाजेल. वाजला तो ताईंचा. "यज्ञेश्वरनं हात वर केले रे. पत्र मिळत नाही म्हणाला. मी सांगितलं, पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस."

श्रीकांत "हं" म्हणाला.

ताईंकडे दर गुरुवारी भजनाला बायका जमायच्या. तिथं ही हकीकत सांगितली गेली, मग तिथून घरोघरी गेली. कुणी पॉलिसी दुसऱ्याकडे नेली, कुणी बंदच केली. श्रीकांतच्या कानावर सगळं येत होतं. रोज सकाळी उठल्यावर वाटायचं, आज सांगू. मग ताईंच्या टाक्यांचं निमित्त, मग सणाचं. दीड महिना गेला.

एकदा देवास गेटपाशी यज्ञेश्वर स्कूटरवर समोरूनच आला. टाळता येण्यासारखं नव्हतं.

"तू ताईला का नाही सांगितलंस?" श्रीकांतनं विचारलं.

"काय सांगू, काका? ऑपरेशन होऊन आठवडा नव्हता झाला. तुमचा भाऊ खोटं बोलला म्हणून सांगू?" यज्ञेश्वरनं स्कूटर स्टँडवर लावली. "वाटलं, तुम्ही सांगाल. चार दिवसांत सांगाल." मग म्हणाला, "अकरा घरं गेली माझी."

श्रीकांत तिथून सरळ ताईंकडे गेला आणि उभ्यानंच सगळं बोलून टाकलं. बाक, कंबर, सही, सगळं.

"मला म्हणायचं होतंस की झोप होत नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "घरी पाठवलं असतं तुला. नर्स होतीच की." मग डोळे मिटून बसल्या. "काय काय बोलले रे मी त्या मुलाला."

श्रीकांतनं सत्तर हजारांचा चेक पुढे केला. ताईंनी नको म्हटलं नाही. "गुरुवारी ये," एवढंच म्हणाल्या.

गुरुवारी भजन संपल्यावर त्यांनी त्याला सगळ्यांपुढे बोलायला लावलं. यज्ञेश्वरलाही बोलावलं होतं. ताईंनी त्याची माफी मागितली, तो ओशाळून "बाई, असं नका ना" म्हणत राहिला. बायका श्रीकांतकडे बघत होत्या. कुणी रागावलं नाही, ते जास्त जड गेलं.

मग प्रतिभाताई बोलल्या. त्या शेजारच्या कॉलनीतल्या, गुडघ्यांनी बेजार. "मी तर हप्ता भरलाच नाही. म्हटलं, फसवतातच तर कशाला. आता भरला तर चालेल ना?"

यज्ञेश्वरनं तारीख विचारली, मोबाइलमध्ये पाहिलं. "मुदत गेली, काकू. त्यावरचे सवलतीचे दिवसही गेले. नवीन काढून देतो, पण गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पुन्हा दोन वर्षं थांबावं लागेल."

"मतलब, जुनी सगळी वर्षं फुकट?"

यज्ञेश्वर फॉर्म भरू लागला, जन्मतारीख, पत्ता, आजार. श्रीकांत ऐकत बसला.

निघताना प्रतिभाताई जिन्यापाशी थांबल्या. श्रीकांतनं पुढे होऊन हात दिला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, "राहू दे" म्हणाल्या, आणि कठडा धरून एकेक पायरी उतरू लागल्या. त्या खाली रस्त्यावर पोचेपर्यंत तो वरच उभा राहिला.