भोक नव्हे, मी!

मी एक जुना गार्नेट आहे. गार्नेट म्हणजे लाल खडा, हे तुम्ही ऐकलं असेल. पण मित्रांनो, आता मी धड खडाही उरलेलो नाही. केसाहून पातळ घासून मला काचेच्या पट्टीवर चिकटवलं आहे.

माझा जन्म डोंगराच्या पोटात, फार खोल झाला. वरून खडकांचा भार आणि सगळीकडून उष्णता! त्या जाचात मी थरावर थर चढवत वाढलो. म्हणून माझे थर तपासले, की तो खडक किती खोल गेला होता, किती तापला होता, ते कळतं. माझी भावंडं मात्र कामाला जुंपली गेली. कुणी सुतारांच्या पॉलिश पेपरवर बसली. तिथे दाणा मोडला तरी नवी धार निघते, म्हणून त्यांना मान. कुणी पाण्याच्या जोरदार धारेत मिसळून लोखंड कापतात, कुणी टाकीत बसून पाण्यातला गाळ अडवतात. एखादं अंगठीत मिरवतं. मला त्यांचा हेवा नाही. मला ओढ आहे ती माझ्या दुसऱ्या अर्ध्याची.

मला शोधलं ते भूगर्भशास्त्राच्या बाईंच्या यजमानांनी. त्यांना दगडांतलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी पिशवी घेऊन बाईंच्या मागे डोंगर चढायचे. "अगं, डाळिंबाचा दाणा सापडला!" असे ते ओरडले, तो मी. प्रयोगशाळेत करवतीने माझे दोन भाग झाले; माझ्या अंगावरची वाकडी चीर दोघांकडेही राहिली. एकाची ही पट्टी झाली. दुसरा यजमानांनी खिशात घातला. "हा माझा. तुमच्या घासाघाशीत याचं काय उरणार?"

बाई रोज मला सूक्ष्मदर्शकाखाली बघत, कौतुकाने विद्यार्थ्यांना दाखवत. संध्याकाळी दाराशी यजमान खाकरले, की दिवा बंद होई. मग एका वर्षी ते खाकरणं थांबलं. ते गेले होते. त्यानंतर बाईंना माझा कप्पा उघडवेना. माझ्यावरची चिठ्ठीसुद्धा गळून पडली.

बाई निवृत्त व्हायच्या आठवड्यात आवराआवर निघाली. एका विद्यार्थिनीने मला सूक्ष्मदर्शकाच्या दोन खास काचांमधून पाहिलं. "बाई, या पट्टीला भलंमोठं काळं भोक आहे. टाकू?"

बाई खोक्यांत बुडाल्या होत्या. "भोकाचं काय लोणचं घालायचंय? टाक!"

मी फुटक्या काचांच्या डब्यात पडलो. अहो, मी ओरडणार तरी कसा! आता माझा अर्धा मला कधीच दिसणार नाही, या विचाराने जीव तुटला.

तेवढ्यात ती मुलगी पुटपुटली, "पण भोकाला सरळ सहा कडा कशा?"

बाईंच्या हातातलं खोकं खाली आलं. "काय म्हणालीस? दे इकडे!"

त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं, वरची खास काच बाजूला सरकवली आणि मी फिकट गुलाबी होऊन समोर आलो.

"अगं वेडे, हे भोक नव्हे, गार्नेट! त्या दोन काचांमध्ये बाकीची खनिजं रंगीत दिसतात, हा बिचारा रिकाम्या जागेसारखा काळाठिक्कर." मग त्यांना माझ्या अंगावरची वाकडी चीर दिसली. "हा आमचा आहे गं. आणि मीच टाक म्हणाले."

त्या दिवशी बाईंनी मला रुमालात गुंडाळून घरी नेलं. यजमानांच्या टेबलावर माझा अर्धा होता, त्यांनी ठेवला तिथेच. बाईंनी मला त्याच्या कापलेल्या अंगावर टेकवलं. कडेला कड लागली, चिरेला चीर जुळली. किती वर्षांनी, मित्रांनो!

बाई रिकाम्या खुर्चीकडे वळल्या. "अहो, सापडला हो तुमचा डाळिंबाचा दाणा."

कुणी खाकरलं नाही.

मित्रांनो, काळं दिसलं म्हणून लगेच डब्यात टाकू नका. एकदा काच सरकवून बघा. आणि ज्या कप्प्याला हात लावायला मन धजत नाही, तोही अधूनमधून उघडत जा. आत कुणीतरी वाट बघत असतं.