झाकून ठेवलेल्या बादल्या

त्र्यंबकभाऊंचं तोंड बघायची माझी इच्छा नाही. दिवा स्टेशनजवळच्या आमच्या बिल्डिंगचे ते सेक्रेटरी. मी मंजुळा, मारुतीभावजींच्या शेजारची. काय झालं ते सांगते, मग तुम्हीच ठरवा.

भावजी डोंबिवलीला रंगाच्या कंपनीत कामाला. परवा रात्रपाळी करून सकाळी घरी आले ते हातापायांनी निळे. कंपनीतली न्हाणी कोरडी आणि आमचा टँकर दोन दिवस गायब. "टँकर आला की उठव गं, रगडून अंघोळ करायचीय," असं विमलवहिनींना सांगून ते आडवे झाले. टँकर काही आला नाही. वहिनी चहाला उठवायला गेल्या, तर अंग गार!

रडारड झाली, डॉक्टर येऊन कागद देऊन गेला. मग वहिनींनी डोळे पुसले. "मंजू, ह्यांना नीट अंघोळ घालायची. असं निळं नाही पाठवायचं." पण त्यांच्या पिंपात तळाला तांब्याभर पाणी.

कळशी घेऊन मी दारोदार फिरले. समोरची नीला म्हणाली, "अगं, दिलं असतं गं, पण आमचे हे मयतीला जाणार ना? आल्यावर डोक्यावरून पाणी नको? तसंच घरात घेऊ?" पुढच्या दारात तेच, वरच्या मजल्यावरही तेच. घरोघरी एकेक बादली ताट झाकून ठेवलेली, स्मशानातून येणाऱ्यासाठी. जो गेला त्याला पाणी नाही आणि पोचवून येणाऱ्यांना आहे! माझं डोकंच फिरलं.

वर त्र्यंबकभाऊ मला म्हणाले, "वहिनी, रीत आहे ती, मी काय करणार? टँकरवाल्याला फोन लावतोय ना." ह्याच माणसाला भावजींनी गेल्या पावसाळ्याआधी हात जोडलेले. गच्चीचं पाणी पाइपानं खाली घेऊ, मागची बुजलेली विहीर उपसू, तिच्यात सोडू. पाइप तर त्यांनी स्वतः आणून जिन्याखाली ठेवलेला. मीटिंगमध्ये सगळे हसले. "टँकर आहे ना मारुतीराव, विहिरीत पोहायचंय काय?" असं हेच त्र्यंबकभाऊ बोललेले. अख्खा पावसाळा गच्चीचं पाणी गटारात गेलं.

"आहे ना टँकर!" मी त्यांच्या तोंडावर बोलले आणि खाली आले.

घरातली आमची बादली उचलली, तर आमचे हे, सीताराम, दारात आडवे आले. "अगं, मी खांदा देणार. आल्यावर मी काय करू?"

"तसेच या. देवाला काय ते मी सांगेन."

ते मग बादली माझ्या हातातून घेऊन स्वतःच शेजारी गेले. ते पाणी घालत होते, वहिनी साबणानं चोळत होत्या, मी दाराशी उभी. तोंड झालं, छाती झाली, हातांचा निळा रंग थोडाथोडा उतरला. गुडघ्यांपर्यंत पोचलो आणि बादली संपली. वहिनींनी आपला ओला पदर पायांवर फिरवला. रंग काही हलला नाही. बाहेरून हाका सुरू झाल्या, "आवरा, उशीर होतोय."

तिरडी बाहेर काढताना जिन्याखालचा तो पाइप आडवा आला. कोणीतरी तो पायानं सारला.

संध्याकाळी माणसं परतली. बायकांनी आपापल्या बादल्या खाली नेऊन ओळीनं मांडल्या. मग काय, तांबे भरभरून डोक्यावर ओतणं चाललं. त्र्यंबकभाऊंना तर दोन बादल्या लागल्या. सगळं पाणी फरशीवरून त्याच गटारात चाललेलं. आमचे सीताराम तेवढे कोरडे, पायरीवर बसून.

वहिनी माझ्या शेजारी गॅलरीत कधी येऊन उभ्या राहिल्या, मला कळलंच नाही. रडत नव्हत्या. खाली बघत होत्या नुसत्या.

"मंजू," त्या म्हणाल्या, "एवढं पाणी होतं गं?"