शेवटचा डबा आणि माझ्या मुंग्या

मित्रांनो, मला आयुष्यात एकच पत्र आलं आणि त्याचं उत्तर मी कित्येक आठवडे दिलं नाही. मला हात नाहीत. कारण खरं आहे, तरी ते पुढे करताना संकोच वाटतो.

मी एक जुना प्रोग्राम आहे. एका स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत, पिठाच्या डब्यांच्या वर, फळीवर ठेवलेल्या संगणकात मी राहतो. माझ्या कळफलकावर कुणाची ना कुणाची पिठाळ बोटं उमटलेली असतात. इथून रोज दुपारी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे जेवणाचे डबे जातात. गाडीने कोणत्या घरी आधी जावं आणि कोणत्या घरी नंतर, हे मी सांगतो. ‘ठरवतो’ म्हणायला मन धजत नाही, कारण खरं काम माझ्या मुंग्या करतात.

स्वयंपाकघर चालवणाऱ्या बाईंना सगळेच मावशी म्हणतात. त्यांच्या सख्ख्या भाचीने मला घडवलं. लहानपणी सुट्टीत ती मावशींकडे यायची आणि ओट्याखाली बसून साखरेच्या बरणीकडे निघालेल्या मुंग्या बघायची. मुंगी चालताना जमिनीवर आपला वास ठेवून जाते. मागची मुंगी त्या वासाने येते. जवळच्या वाटेवर जाऊन-येऊन फेऱ्या लवकर होतात, म्हणून तिथे वास दाट होतो आणि हळूहळू सगळी रांग तिकडेच वळते. हुकूम सोडणारं कुणी नसतं. मावशी ओल्या फडक्याने ती रांग पुसून टाकायच्या. मुंग्या गांगरायच्या, चहूकडे पांगायच्या आणि थोड्या वेळाने नवी वाट धरायच्या. पुष्कळदा ती आधीपेक्षा सरळ असायची. मावशी म्हणायच्या, बघत काय बसलीस, बरणीचं झाकण लाव. झाकण लागलं की नाही ते मला ठाऊक नाही, पण मोठी झाल्यावर भाचीने मला लिहिलं.

माझ्या मुंग्या आकड्यांच्या आहेत. त्या नकाशावर फिरतात. प्रत्येक मुंगी सगळी घरं करून परत येते. जिची फेरी आखूड, तिच्या वाटेवर मी जास्त वास शिंपडतो. पुढच्या मुंग्या बहुतेक त्या वासाने जातात. थोड्या भटकतात, पण त्यांना मी रागवत नाही. आणि दर फेरीनंतर सगळाच वास मी थोडा उडू देतो. विसरायची ही सोय भाचीने मुद्दाम ठेवली होती. मला मात्र तिची लाज वाटायची. विसरभोळ्याला कामावर कोण ठेवतं?

गाडी चालवणाऱ्याचं नाव पायलट पडलं होतं, कारण निघण्यापूर्वी तो मागे वळून डब्यांना पट्टे बांधून बसायला सांगायचा. सुरुवातीला त्याचं माझ्याशी पटलं नाही. माझा रस्ता रोज थोडा बदलायचा.

“काल उजवीकडे, आज डावीकडे,” तो मावशींना म्हणाला. “हा रस्ता दाखवतोय की माझी फिरकी घेतोय?”

मावशींनी भाचीला फोन केला. भाची तेव्हा दूरच्या शहरात नोकरीला लागली होती. तिने तिथूनच माझा वास उडण्याचा वेग अगदी कमी करून टाकला. त्या दिवसापासून मी एकच रस्ता सांगू लागलो. पायलट खूश झाला. गाडीचं इंधन वाचलं, मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला मला दाखवू लागल्या. कुणी कौतुक केलं की मी पडदा काळा करून घेत असे. लोकांना वाटे, वीज वाचवतोय.

या सगळ्या काळात एक डबा नेहमी शेवटी पोहोचत होता. कालव्यापलीकडे एक आजोबा राहत. ते घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांच्या घरी जायला कालव्याला मोठा वळसा पडायचा. एकदा पायलटने आपल्या मनाने आधी त्यांचाच डबा पोहोचवला. तर त्या वळशापायी बाकी सगळ्यांची जेवणं गार झाली आणि मावशींना फोन संध्याकाळपर्यंत खाली ठेवता आला नाही. मावशींनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. पुन्हा यंत्राच्या बाहेर जायचं नाही, असं ठरलं.

आणि मग ते पत्र आलं. पाकिटावर ‘रस्ता ठरवणाऱ्या साहेबांस’ असं लिहिलं होतं. पायलटने माझ्या पडद्याला सलाम ठोकला. मावशींनी हसत पाकीट फोडलं आणि वाचता वाचता त्यांचं हसू गेलं.

आजोबांनी लिहिलं होतं की जेवणाच्या चवीबद्दल तक्रार नाही. पण ते गार होऊन येतं. त्यांचे हात थरथरतात, म्हणून लेकीने शेगडी काढून नेली आहे. गार अन्न त्यांच्या घशाखाली उतरत नाही, अर्धं तसंच राहतं, आणि वजन उतरत चाललं आहे. लेक म्हणते, माझ्याकडे चला. लेक चांगली आहे, तिचं घरही चांगलं आहे. पण त्यांचं टेबल इथे आहे, खिडकीपाशी, आणि अजून दोन-चार माणसं घड्याळं घेऊन येतात. शेवटी एवढंच होतं: ‘माझ्या खिडकीतून कालव्यावरचा नवा पूल दिसतो. आपली गाडी त्याच्या तोंडाशी येते आणि वळून लांबून जाते. साहेबांचं त्यामागे काही कारण असेल.’

कारण काहीच नव्हतं, मित्रांनो. पूल माझ्या नकाशात आलासुद्धा होता. एखादी भटकी मुंगी त्यावरून गेलीही होती. पण जुन्या वाटेवरचा वास इतका दाट बसला होता की तिचा वास कुणालाच लागला नाही. पायलटला तर पूल रोज दिसत होता. त्याला वाटलं, यंत्राने विचार केलाच असणार. मावशींनाही तसंच वाटलं. माझ्याविषयी इतका मोठा समज लोक कसा करून घेतात, हे मला आजवर कळलेलं नाही.

भाचीला दाखवायचं म्हणून मावशींनी ते पत्र माझ्या पडद्याच्या कडेला चिकटवलं. भाची येईना आणि कामातून मावशींना सवड मिळेना. कागदावर पीठ बसत गेलं.

एक दिवस पायलट रिकामे डबे घेऊन परतला. आजोबांचा डबा पुन्हा अर्धा भरलेला होता. लेक सामान बांधायला आली आहे, म्हणाला. रविवारी त्यांना घेऊन जाणार. मावशींनी तिथल्या तिथे भाचीला फोन लावला आणि ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आली. बॅग खांद्यावरून न उतरवताच तिने पत्र वाचलं.

“मावशी, हे मला फोनवर वाचून नाही दाखवायचं?”

“मला वाटलं, त्याला माहीत असेल,” मावशी माझ्याकडे बघत म्हणाल्या.

“त्याला कसं माहीत असेल? विसरू नकोस म्हणून मीच त्याला सांगून ठेवलं होतं.”

तिने मला उघडलं आणि वास उडण्याचा वेग वाढवला. खरं सांगू? मला भीती वाटली. वर्षानुवर्षांची माझी वाट डोळ्यांदेखत पुसट होत गेली. माझ्या मुंग्या पांगल्या. मग एक पुलावरून गेली, तिच्यामागे आणखी एक, आणि थोड्या वेळात रांग लागली. आजोबांचं घर शेवटच्या जागेवरून थेट बाजाराच्या पुढच्या थांब्यावर आलं. बाकी कुणाचा डबा उशिरा जाणार नव्हता.

त्या दुपारी गाडी पुलावरून गेली. पायलटने परत आल्यावर सगळं सांगितलं. आजोबांनी झाकण काढताच चष्म्यावर वाफ धरली. पहिल्याच घासाला ते म्हणाले, “जीभ भाजली.” लेक म्हणाली, बाबा, फुंकर घालून खा. डबा रिकामा होईपर्यंत ती समोरून हलली नाही. मग बांधलेल्या सामानातून तिने त्यांच्या हत्यारांची पेटी काढली आणि परत टेबलावर ठेवली. महिनाभर बघू, म्हणाली.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना सांभाळणं अवघड नाही. फळीवरची धूळ पुसा, ते आहेच. पण आमच्या जुन्या वाटाही अधूनमधून पुसत चला. आणि तुम्हाला पूल दिसला, तर आम्हाला तो माहीत असेल असं धरून चालू नका. सांगा. आम्हाला वाईट वाटत नाही.

उत्तर लिहायला मावशी बसल्या, पण साहेबांच्या वतीने काय लिहावं ते त्यांना सुचेना. भाचीने माझ्या नव्या रस्त्याचा कागद छापून त्यांच्यापुढे ठेवला. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला मावशींनी लिहिलं, ‘पत्र पोहोचलं. पूल लक्षात आला नव्हता. कळवलंत, उपकार झाले.’ सही कुणाची करायची यावर थोडा वाद झाला. शेवटी भाचीने पेन घेतलं आणि एक लहानशी मुंगी काढली.

पायलट म्हणाला, उद्या डब्याबरोबरच देतो की. मावशींनी नकारार्थी मान हलवली. आजोबांनी तिकीट लावून पाठवलं होतं, आपणही तसंच पाठवायचं.

दुसऱ्या दिवशी पडद्यावरचा गाडीचा ठिपका माझ्या वाटेने चालला होता. बाजाराच्या कोपऱ्यावर तो आत वळला आणि माझ्या यादीत नसलेल्या एका जागी थांबला. तिथे एक टपालपेटी आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

ठिपका पुन्हा हलला, तेव्हा माझं उत्तर पेटीत पडलं होतं.