हिरवा माणूस

कोचने आपल्या मुलीच्या हातून चष्मा घेतला आणि पहिल्यांदाच डोळ्यांवर चढवला. आठ महिने त्याने त्याला हात लावला नव्हता. स्वतःचं सोंग काय बघायचं, म्हणायचा.

रिकाम्या बॅडमिंटन कोर्टावर, चष्म्याच्या काचांतून, एक हिरवा माणूस उभा राहिला. चेहरा नव्हता, पण खांदे कोचचेच. अकादमीने कोचच्या अंगभर हालचाली टिपणाऱ्या पट्ट्या बांधून त्याला दोन आठवडे खेळवलं होतं, त्यातून हा तयार झाला. आता पोरं ह्याच्या पावलावर पाऊल टाकून शिकत. जुळलं तर जमिनीवर हिरवा ठिपका, चुकलं तर लाल. कोचकडे उरली हजेरी. तीही तो रुसल्यासारखी घ्यायचा, पोरांच्या पायांकडे ढुंकूनही न बघता. आज मुलीनेच हट्ट धरला म्हणून, नाहीतर कसला बघतोय!

हिरवा माणूस नेटकडे झेपावला. दोन लांब ढांगा, आणि शेवटच्या पावलाआधी एक बारीकसं अर्धं पाऊल.

कोचने ते पाऊल ओळखलं.

उजवा गुडघा. त्या दोन आठवड्यांत तो सुजून टम्म झाला होता. "दुखतंय का, सर? पुढे ढकलू हवं तर," पट्ट्या बांधणारा तंत्रज्ञ म्हणालाही होता. पण बाहेर बाकावर आणखी दोन कोच बसले होते, वयाने निम्मे.

"छे हो, मी असाच खेळतो," त्याने ठोकून दिलं होतं.

त्याने चष्मा काढून खिशात टाकला.

"मी शटल टाकतो. तू अशीच ये नेटवर, चष्म्याशिवाय."

"कशाला? आज सगळी पावलं हिरवी पडलीत, बाबा."

"ये म्हणतो ना!"

ती धावली. दोन ढांगा, अर्धं पाऊल. शटल रॅकेटच्या वीतभर पुढे पडलं.

"ते अर्धं पाऊल सोड. चूक आहे ते."

"चष्मा तर बरोबर म्हणतो."

"त्याला काय कळतंय, डोंबल! तो माझा दुखरा पाय आहे. लंगडत होतो मी."

मुलीने रॅकेट खाली टेकवली.

"तेव्हा माहीत होतं तुला?"

"काम गेलं असतं गं."

"आम्ही तीसजण घोकतोय ते. आठ महिने."

सोमवारी तिची संघासाठी निवड चाचणी होती, शेवटची संधी. पुढच्या वर्षी ती वयोगटात बसणार नव्हती.

"अजून चार दिवस आहेत. तू पूर्वी टाकायचीस ना, तसंच टाक. तुझं स्वतःचं पाऊल."

ती मागच्या रेषेवर गेली. त्याने शटल टाकलं. ती निघाली आणि मध्येच थांबली. पुन्हा टाकलं. पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा तिचे पाय एकमेकांत अडकले आणि ती हातांवर पडली.

तो धावला, पण तिने हात धरू दिला नाही.

"कसं टाकायचे रे मी?" ती म्हणाली. "तुला आठवतं?"

कोचने आठवून पाहिलं, पण डोळ्यांपुढे हिरवा माणूसच आला. मग खिशातला चष्मा काढून तिच्यापुढे धरला.