सहा मिनिटांचं पान

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तशी ही हारुका. सिंगापूरला, बेडोकमध्ये आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहते, युनिव्हर्सिटीत सिनेमा शिकते. तिला जपानी पद्धतीचा प्रायोगिक भयपट करायचा होता, सहा मिनिटांचा. ना रक्त, ना किंकाळी. एक म्हातारी दोन पानं वाढते आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसते, बास. म्हातारी म्हणून तिला माझ्या सासूबाई हव्या होत्या.

मी लगेच हो म्हटलं. बाबा गेल्यावर आई पुण्याहून आमच्याकडे आल्या आणि दिवसभर भिंतीकडे बघायच्या. आता खुर्चीकडे बघतील, तेवढाच बदल.

शूटिंग आमच्याच डायनिंग टेबलावर झालं. आईंनी डावीकडे चटणी, उजवीकडे भाजी, मधोमध वरणभात असं रीतसर वाढलं. बोलायचं नव्हतं, तरी सवयीनं म्हणाल्या, "अहो, पान वाढलंय. या."

हारुकाला ते फार आवडलं. "कट!" झाल्यावर माझ्या भुकेल्या नवऱ्यानं, सुबोधनं, रिकाम्या खुर्चीसमोरचं ताट उचलून संपवलं. पितरांना पानावर बोलावलं की जेवणानंतर निरोप द्यायचा असतो, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. सिनेमाच तर होता!

पुढच्या आठवड्यात हारुकानं लॅपटॉपवर फिल्म दाखवली. कॅमेरा जागचा हलत नाही. रिकाम्या खुर्चीसमोरच्या ताटातला भात मात्र हळूहळू कमी होत जातो.

"हे तुम्ही कसं केलंत?" तिनं मलाच विचारलं.

सुबोध चाचरत म्हणाला, "मी ताट उचललं तेव्हा भात नव्हताच. मला वाटलं, आई वाढायला विसरली."

मी घाईनं लॅपटॉप मिटला. आई मात्र हसल्या, कितीतरी महिन्यांनी.

तेव्हापासून त्या रोज दोन पानं वाढू लागल्या. माणूस खुलतंय, कशाला मोडता घाला, म्हणून मी गप्प बसले. पण दुसरं ताट रिकामं व्हायचं आणि आईंचं तसंच राहायचं. बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या. डॉक्टर म्हणे, रिपोर्ट उत्तम आहेत. मी पार घाबरले.

"आई, बाबांना आता निरोप द्या."

"एवढ्या लांब आलेत, विनीता. लगेच कसं जा म्हणू?"

"तुम्ही जेवत नाही. मला तुम्ही हव्या आहात हो." हे मी त्यांना कधी बोलले नव्हते.

त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. "मग तूच सांग. माझ्या तोंडून निघायचं नाही."

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी रिकाम्या खुर्चीला वाकून नमस्कार केला. "बाबा, पोटभर जेवलात. आता सुखानं आपल्या ठिकाणी परत जावं."

खुर्ची मागे सरकली. तो आवाज सुबोधनंही ऐकला. सुटले बाई, असं मला वाटलं.

तेवढ्यात आई उठल्या. त्यांनी पदर सारखा केला आणि दाराकडे निघाल्या. "अहो, थांबा. मीही येते."

मी त्यांना अडवायला दाराशी धावले. मागून सुबोध ओरडला, "आई!" वळून पाहिलं तर आई टेबलापाशी आपल्या खुर्चीतच होत्या, मान एका बाजूला कललेली. सुबोध त्यांना गदागदा हलवत होता.