पूनमचा टाक

हेमंतची पहिली बायको पूनम वारली खरी, पण सौसर गावच्या त्या घरातून काही ती गेली नाही. दुसरेपणावर आलेल्या धनश्रीच्या गळ्यात सासूनं लग्नाच्या दिवशीच सवतीचा टाक बांधला. चांदीचा, नखाएवढा, त्यावर बाईची आकृती. रीतच तशी! नवी साडी असो की बांगड्या, आधी टाकाला कुंकू लावून दाखवायच्या, मग आपण ल्यायच्या. म्हणजे धनश्रीच्या नशिबी कोरं असं काही आलंच नाही.

बरं, पूनम दिसायला कशी होती? हेमंतला विचारा. "लक्ष्मी होती," म्हणायचा आणि भिंतीवरच्या फोटोकडं पाहत बसायचा. धनश्री ताट घेऊन समोर उभी, पण भाजीत मीठ कमी पडल्याशिवाय या बाबाची मान काही तिच्याकडं वळायची नाही. आताशा आरशात पाहिलं की तिला खांद्यामागं कुणीतरी उभं आहे असं वाटे. अंगावर काटा येई.

आज पांढुर्ण्याला हेमंतच्या मामेबहिणीचं लग्न होतं. धनश्रीनं हट्टानं घेतलेली डाळिंबी साडी टाकाला न दाखवताच नेसली. टाक काढून देव्हाऱ्यात ठेवला. एकदा, फक्त एकदा नवऱ्यानं आपल्याला पाहावं, छान म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. फार का मागत होती बिचारी?

ती बाहेर आली. बूट घालता घालता हेमंत थांबला. पाहतच राहिला. धनश्रीनं हळूच पदर सारखा केला.

"हा रंग पूनमले लय खुले," तो म्हणाला.

तिथंच तूर निवडत बसलेल्या इंदूबाईंनी, म्हणजे सासूनं, सूप आपटलं.

"काय खुले रे? अशीच साडी नेसून आली होती थे, तं तूच म्हणला, काळी दिसून राहिली, बदल. मोरीत बसून रडली पोरगी! मेल्यावर बरी लक्ष्मी झाली तुले!"

हेमंतनं दुसरा बूट पायात चढवला. गाडी काढतो म्हणून निघून गेला.

धनश्री देव्हाऱ्यापुढं आली. जिचा इतका दुस्वास केला, तिला हातात घेतलं. कुंकू पुसून पुसून टाकाचे नाक-डोळे कधीच झिजले होते. अगं माय, म्हणजे हिलाही जिवंतपणी कुणी पाहिलं नव्हतं! आपल्यालाही हा माणूस एक दिवस लक्ष्मी म्हणेल, तिसरीच्या देखत म्हणेल. त्यासाठी आधी मरावं लागेल, बस.

"चाल नं, उशीर होऊन राहिला!" बाहेरून हाक आली.

तिनं टाक पुन्हा गळ्यात बांधला. रोज तो ती पोलक्यात दडवायची, आज साडीवर मोकळा सोडला. पदर टाकापुढं धरून पूनमलाच विचारलं,

"कशी दिसून राहिली व मी, बाई? सांग नं."

मागं कुणीतरी उभं होतं, तेच, रोजचं. आज धनश्री भ्यायली नाही. तिला रडू फुटलं. त्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी तिला डोळे भरून पाहत होतं.