सैतानाकडे काडेपेटी नव्हती

दाभोशाच्या सुदर्शनला सैतान फार उपयोगी पडायचा. जव्हारला ख्रिस्ती प्रार्थनेला जायला लागल्यापासून त्याची दारू सुटली होती. तेव्हापासून घरात काहीही बिघडलं की दोष सैतानाचा. बैल चुकला, सैतान. बायकोवर हात उगारला, सैतान. बायको ममता म्हणायची, "त्याचं नाव घाल की आपल्या रेशनकार्डावर. घरातलं सगळं तोच करतो."

२००२च्या फाल्गुनात सुदर्शनने शेतात राब भाजायला घेतला. भाताच्या रोपासाठी पालापाचोळा पसरून जमीन भाजायची, तर आग विझेपर्यंत जागचं हलायचं नाही, हे इथे शेंबड्या पोरालाही कळतं. सुदर्शनने काडी ओढली आणि आंब्याखाली जाऊन ताणून दिली. वारा फिरला, ठिणगी उडाली. जाग आली तेव्हा शेजारच्या माघ्याची पेंढ्याची गंजी धडधडून पेटली होती. बैलांचा वर्षाचा चारा. हंडा घेऊन सुदर्शनच सगळ्यांच्या पुढे धावला आणि सगळ्यांत मोठ्याने ओरडलाही.

"माझा राब कवाच विझला होता," तो म्हणाला. मग हळूच म्हणाला, "चैतीआजी होती गंजीशी. बिडी ओढीत."

चैती रोजच तिथे सावलीला बसून बिडी ओढायची, त्यामुळे हे खोटं म्हणता येत नव्हतं. म्हातारी पाड्याची धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी. तिने गाणी म्हटल्याशिवाय इथे लग्न लागत नसे. माघ्याच्या पोरीचं, फागीचं लग्न तोंडावर आलं होतं. माघ्याने चैतीला दारातूनच सांगितलं, "तू नको येऊ. मी वांगणीहून दुसरी आणतो."

चैती भांडली नाही. "माझ्याच हातून झालं असंल," एवढंच म्हणाली आणि बिडीचं बंडल चुलीत टाकलं. हे ममताने पाहिलं आणि घरी येऊन सांगितलं. त्या दिवशी सुदर्शनने भाकर तशीच ठेवली.

रविवारी प्रार्थनेत तो ढसाढसा रडला. "प्रभू, सैतानाने माझ्या हातून आग लावली!" सगळे 'आमेन' म्हणाले. कांतीलाल पास्टर मात्र म्हणाले नाहीत. प्रार्थना संपल्यावर त्यांनी त्याला बाजूला घेतलं.

"काडी कोणी ओढली?"

"मी."

"झोपलं कोण?"

"मीच."

"म्हातारीचं नाव?"

"मीच घेतलं."

"मग सैतान करत काय होता तिथे? त्याच्याकडे काडेपेटी तरी होती का?"

सुदर्शन नाक पुसत म्हणाला, "पण येशूने माफ केलं ना, पास्टर? मला एकदम हलकं वाटतंय."

"वाटणारच. ओझं म्हातारीच्या डोक्यावर ठेवून आलास," पास्टर म्हणाले. "येशूची गंजी नव्हती जळाली, बाबा. ज्याची जळाली त्याला सांग. पण आधी चैतीला. देव माफ करतो ते लपायला जागा मिळावी म्हणून नाही. खरं बोलताना पाय लटपटू नयेत म्हणून करतो."

पाय लटपटलेच. चैतीच्या अंगणात जाऊन त्याने एका दमात सगळं सांगितलं. या खेपेला सैतानाचं नाव आलं नाही. चैतीने ऐकलं, उठली आणि हातातली केरसुणी त्याच्या पाठीत घातली. "मी माझ्याच जिवाला खात होते रे, मेल्या! चल माघ्याकडे."

माघ्याकडे निम्मा पाडा जमला. सुदर्शनने तेच पुन्हा सांगितलं, तशी माघ्याने त्याच्या मुस्कटात मारली. कोणी म्हणालं, "हेच शिकवतात का तुझ्या प्रार्थनेत?" सुदर्शन म्हणाला, "शिकवलं म्हणून तर आलो. नाहीतर गप बसलो असतो." मग त्याने आपली पेंढ्याची गंजी माघ्याला दिली. ती जळालेल्या गंजीच्या निम्मीसुद्धा भरत नव्हती. उरलेला चारा तो पावसाळाभर डोंगरावरून कापून आणणार होता.

माघ्या चैतीकडे वळला. "आजी, चुकलो. लग्नाला ये."

"बघते," म्हातारी म्हणाली आणि त्याला दोनदा बोलवायला लावलं. मग आली.

लग्नात सुदर्शनला पाणी भरायला लावलं. कोणी त्याच्याशी धड बोललं नाही. शेवटची पंगत बसली तेव्हा फागीच म्हणाली, "काका, तू जेवला नाहीस." तो पंगतीच्या टोकाला बसला. वाढणाऱ्याने भात जरा कमीच वाढला. सुदर्शनने पुन्हा मागितला नाही.